पदराचा गाऊन

आमच्या घरात मी आजवर एकाच इंग्रजी शब्दाचं भाषांतर करून दिलं, आणि ते बरोबर होतं.

शब्द होता 'ग्रीन'. विचारणारे माझे वडील, आप्पा. वडगावातल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत ते मागावर बसले होते आणि त्याच खोलीच्या दारात खुर्ची टाकून मी वाचत होतो. (मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. घरी आल्यावरही वाचतो. माझी बायको सुनंदा याला ओव्हरटाइम म्हणते.) मागाचा आवाज थांबला.

"वसंता, ग्रीन म्हंजे हिरवंच न्हवं?"

मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, "व्हय."

माग पुन्हा सुरू झाला. पुढं जे झालं त्याला या एका 'व्हय'पेक्षा मोठं कारण नाही. आप्पा जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी काही गंभीर लिहावं म्हणून मी अनेकदा बसतो, पण प्रत्येक वेळी आधी हा गाऊनच आठवतो.

झालं असं. आमची मुलगी अपूर्वा कोल्हापूरला डिझाइन शिकत होती. शेवटच्या वर्षाला त्यांना विषय मिळाला, की सरकारी दवाखाने चालवताना निसर्गाची जी नासाडी होते ती कमी कशी करता येईल. कुणी औषधाच्या पाकिटांमागं लागलं, कुणी उन्हावर चालणाऱ्या लशीच्या पेटीमागं. अपूर्वानं गाऊन घेतला. तपासणीच्या वेळी पेशंटला घालतात तो निळा, पातळ, एकदा घालून फेकायचा गाऊन. त्यांचे ढीग जाळावे लागतात. त्याऐवजी उकळून, धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येईल असा सुती गाऊन करायचा, आणि त्याचं कापड आज्जाच्या मागावर विणून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. ज्याची कल्पना पसंत पडेल त्याची वस्तू एका सरकारी दवाखान्यात खरोखर वापरून बघणार होते.

ही शेवटची गोष्ट आप्पांनी नीट ऐकली. आमच्या गल्लीतले माग एकेक करून भंगारात गेले होते. आप्पांना साडी विणायला सांगणारा व्यापारी यायचा थांबला होता. मागावर काही नसलं की आप्पा त्याच खोलीत, त्याच बैठकीवर, रिकाम्या मागाकडं बघत बसून राहायचे. दवाखान्यानं गाऊन घेतला तर माग राहणार होता, आणि माग राहिला तर आप्पाही राहतील असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

अपूर्वा एका सुटीत तो निळा गाऊन नमुना म्हणून घेऊन आली. आप्पांनी तो चिमटीत धरला, दाराशी नेऊन उजेडात बघितला.

"ह्येचा ताणा कुठाय?"

"ताणा नसतो आज्जा. हे नॉनवोव्हन. न विणलेलं कापड."

"न विणलेलं कापड?"

"हो."

आप्पा माझ्याकडं वळले. "न शिजवलेला भात म्हणत्यात का रं कोण?"

मी म्हणालो, "तांदूळ म्हणतात."

"मग ह्येला काय म्हणत्यात ते इचार तिला." त्यांनी गाऊन उलटा केला. "आनि हे मागनं फाटलंय."

"फाटलेलं नाही हो. मागून उघडाच असतो तो. डॉक्टरांना तपासायला सोपं जातं. या नाड्या मानेमागं बांधायच्या."

"आनि खाली?"

"खाली काही नाही."

आप्पांनी गाऊन घडी करून तिच्या हातात दिला. "मानूस दवाखान्यात दुखणं दाखवाय जातंय पोरी. अब्रू न्हवं."

अपूर्वा कोल्हापूरला परत गेली आणि तिथून फोनवर म्हणाली, "आज्जा, एवढंच लक्षात ठेवा, सगळं ग्रीन पाहिजे. आमचे सर त्यावरच मार्क देतात." तिला म्हणायचं होतं, कोरं सूत वापरा, रंग नको, कारण रंगाच्या पाण्यानं नदी-नाले नासतात. हे तिनं सांगितलं नाही, कारण तिच्या कॉलेजात 'ग्रीन' म्हटलं की हे सगळं त्यात येतं. आमच्या खोलीत त्यात फक्त हिरवा आला.

तोही साधासुधा नाही. सवाष्णीची ओटी भरायला लागतो तो गर्द हिरवा. आप्पांनी ओळखीच्या रंगाऱ्याकडून सूत रंगवून आणलं. रंग पक्का असल्याची ग्वाही रंगाऱ्यानं आप्पांना दिली, आप्पांनी आम्हाला दिली. मग काठ आला. आप्पांच्या हातून जन्मात बिनकाठाचं कापड निघालं नव्हतं. "बिनकाठाचं कापड एकाच कामाला लागतंय," ते म्हणायचे, "आनि ते ज्याला घालत्यात त्याला काठ दिसत न्हाई." तेव्हा काठ, आणि काठ म्हटल्यावर जर. पाठ उघडी राहते म्हणून शेवटी पदर.

गाऊन शिवायचं काम सुनंदाकडं होतं. समोरून बाह्यांचा गाऊन, मानेमागं नाड्या, आणि डाव्या खांद्यावरून मागं सोडलेला रुंद पदर, पाठ झाकून कमरेला खोचायचा. पहिला शिवून झाल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी समोर धरला. (आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामा म्हणायची.)

"मामा, हिरवा रंग, जरीचा काठ. आता नारळ आणि खण तेवढा ठेवा, पेशंटची ओटी भरूनच घरी पाठवू."

"बाप्यांनी घालायचा तर?" मी विचारलं.

"त्यांचीबी भरू," सुनंदा म्हणाली. "अपूला फोटो पाठवू का मामा?"

"नगो," आप्पा म्हणाले. "बघू दे की एकदम."

मला या सगळ्यात काहीच वावगं वाटलं नाही. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर हिरवेच असतात, पडदे हिरवे असतात, हे मी कुठंतरी वाचलं होतं. (वाचलेल्या गोष्टींचा मला असाच उपयोग होतो.) शिवाय आप्पा जेवायला वर येताना पायऱ्यांवर गुणगुणत होते. अशा वेळी कोण चौकशी करतो?

ज्युरीच्या दिवशी, म्हणजे कोल्हापुरात परीक्षकांपुढं वस्तू मांडायच्या दिवशी, शेजाऱ्यांची ओम्नी मागून घेतली. आप्पांनी धुवट धोतर नेसलं, टोपी घातली. गाऊनांचे गठ्ठे जुन्या लुगड्यात बांधून मागच्या सीटवर ठेवले, आणि आम्ही दोघं निघालो. एकाच गोष्टीचा आम्हा दोघांनाही विसर पडला होता. निवडणूक तोंडावर आली होती.

निपाणी मागं टाकून राज्याच्या हद्दीवर कोगनोळीला पोचलो तर नाक्यावर गाड्यांची रांग. प्रत्येक गाडी उघडून बघत होते. आमच्या गाडीशी एक साहेब आले, बरोबर एक महिला पोलीस.

"एनु इदु?" साहेबांनी गठ्ठ्याकडं बोट केलं. हे काय, म्हणून.

"गाऊन री साहेब," आप्पा म्हणाले. "दवाखान्याचा."

साहेबांनी लुगड्याची गाठ सोडली. आतून हिरवा रंग आणि जरीचा काठ उन्हात बाहेर आला.

"सीरे," साहेब म्हणाले. सीरे म्हणजे साडी, हे माझ्यासारख्या पुस्तकी कन्नडवाल्यालाही कळलं. मग त्यांनी मराठीतच विचारलं, "कुठल्या पक्षाच्या?"

"पक्षाच्या न्हाईत," आप्पा म्हणाले. "पेशंटच्या."

"पेशंट साडी नेसतंय व्हय दवाखान्यात?" महिला पोलिसांनी विचारलं.

"नेसत न्हाई बाई, घालतंय. बाह्या हाईत की ह्येला."

"मग पदर कशाला?"

"पाठीला."

इथं मला वाटलं, आपण शिकलेले आहोत, आपण बोलावं. मी गाडीतून उतरलो आणि सांगितलं, "साहेब, ही पर्यावरणस्नेही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची विद्यार्थी संकल्पना आहे."

साहेब बाईंकडं वळले. "हा नवीन पक्ष काय?"

बाईंना माहीत नव्हता. त्यांनी गाडी बाजूला लावायला सांगितली.

"गाऊन हाय म्हणताय ना," साहेब म्हणाले, "मग घालून दाखवा."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा आधीच गठ्ठ्यातला वरचा गाऊन झटकत होते. हायवेच्या कडेला, शर्ट-पँटवरून, मी तो घातला. आप्पांनी मागं जाऊन नाड्या बांधल्या, खांद्यावरून पदर सोडला, तो पाठीवर सारखा केला आणि कमरेला खोचला. "हात वर कर. आता खाली. ताठ हुबा ऱ्हा की रं," असं ते म्हणत होते. बसेस हळू होत होत्या. एका खिडकीतून एक बाई शेजारणीला उठवून दाखवत होत्या. एकानं मोबाइल बाहेर काढला. (ते चित्रण नंतर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलं, खाली प्राचार्यांचा अंगठा होता.) माझं सगळं लक्ष त्या मोबाइलकडं होतं. आप्पा मात्र दोन पावलं मागं सरून काठ पायघोळ पडतोय का ते बघत होते. त्यांनी विणलेलं कापड मी अंगावर घातल्याचं मला तरी त्याआधी आठवत नाही. आमच्या घरात साड्या विणल्या जायच्या आणि मी मुलगा होतो. तो गाऊन मी घाईघाईनं उतरवला. आणखी थोडा वेळ अंगावर ठेवला असता तर साहेबांचंही काही गेलं नसतं.

साहेबांना पुरावा पुरेसा वाटला नाही. "मुलीला फोन लावा," ते म्हणाले. "स्पीकरवर."

"बाबा, कुठं आहात?" अपूर्वाचा आवाज आला. "ज्युरी बसली पण."

"मी नाक्यावरनं बोलतोय," साहेब म्हणाले. "तुमचे गाऊन हिरवे हाईत काय?"

"नाही. कोरे आहेत. त्यांना रंगच नाही."

"जरीचा काठ?"

"गाऊनला काठ कशाला असेल?"

"पदर?"

पलीकडून हळूच, "बाबा, काय झालंय तिथं?"

साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. आता ते जरा हळव्या आवाजात बोलू लागले होते. "पोरगीच न्हाई म्हणाली हो."

मग मी तो शब्द त्यांना सांगितला. ग्रीन म्हणजे काय, अपूर्वाला काय म्हणायचं होतं, आप्पांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हिरवं पाहिजे न्हवतं तर हिरवं म्हणायचं कशाला?"

शेवटी सोडवलं ते महिला पोलिसांनी. त्या एवढा वेळ काठावरून बोट फिरवत होत्या. त्यांनी गाऊनच्या मानेच्या नाड्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मतासाठी साडी वाटणारा तिला नाड्या कशाला शिवंल? सासूला दवाखान्यात ठेवलंतं, तिच्या गाऊनला ह्याच नाड्या." मग आप्पांना, "पदर मात्र न्हवता. लई लाजायची बिचारी."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू ज्युरीचा निकाल लागला.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा अपूर्वा फाटकाशी उभी होती. तिनं गठ्ठा उघडला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं, आप्पांनी टाळलं नाही. "कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

तिनं एक गाऊन हातावर घेतला, काठ बघितला, पदर उलगडला. "लई भारी झालाय आज्जा," ती म्हणाली. एरवी ती घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलते.

आत तिनं सगळं सरळ सांगितलं. "कापड कोरं हवं होतं, माझ्या सांगण्यात चूक झाली, पण विणकर माझे आजोबा आहेत आणि पाठ झाकायची कल्पना त्यांची आहे." ज्युरीत दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी गाऊन अंगाला लावून बघितला, पदर खांद्यावर घेतला, आणि हसल्या. मला वाटलं, निभावलं. मग त्या म्हणाल्या, "एकदा उकळून बघू या."

शेगडीवर स्टीलचं पातेलं ठेवलं, त्यात धुण्याचा सोडा घातला. मॅडमनी गाऊनबरोबर आपला पांढरा नॅपकिनही टाकला. "रंग पक्का हाय," आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं पातेल्यात पालकाचं सूप तयार झालं. चिमट्यानं गाऊन बाहेर काढला तेव्हा जर काळी पडली होती. नॅपकिन मात्र छान हिरवा निघाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आनि पदर?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"पदर चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "खरंच चांगला आहे, आजोबा."

पसंती औषधाच्या पाकिटांना मिळाली.

परतीच्या वाटेवर नाका आला. साहेबांनी आम्हाला ओळखून हात केला, आप्पांनीही केला. निपाणी गेल्यावर ते म्हणाले, "कोरंच इणतो म्हणावं तिला. जर नगो."

"आणि काठ?"

"काठबी कोऱ्याच सुताचा. दिसला न्हाई तरी चालंल."

जन्मभर काठासाठी भांडलेल्या माणसानं हे म्हणणं सोपं नव्हतं. मला ते कळलं होतं. पण अपूर्वाची परीक्षा झाली होती, दवाखान्याची पाकिटं ठरली होती, समोरून उसाची ट्रॉली येत होती. मी म्हणालो, "बघू."

आप्पांनी पुन्हा विचारलं नाही. काही दिवसांनी मागावर चादर पडली आणि ती कुणीच काढली नाही.

पावसाळ्यानंतर आप्पांना धाप लागू लागली. सरकारी दवाखान्यात दाखल केलं. तिथं त्यांना निळा गाऊन घातला. दुपारी मी गेलो तर आप्पा भिंतीला पाठ टेकून बसलेले. पडून राहा म्हटलं तर पडेनात, कूस बदलेनात. मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती उठली, तिनं कपाटातून एक न उकळलेला हिरवा गाऊन काढला आणि माझ्या पिशवीत घातला.

"घरचे कपडे चालत नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"घरचा न्हवं बाई," आप्पा पलंगावरून म्हणाले, थांबून थांबून. "दवाखान्याचाच हाय. तुमचं ठरायचं ऱ्हायलंय."

सिस्टरनी काठाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. "आमच्या धुलाईत टाकावा लागेल, चालेल?"

"त्येच्यासाठीच केलाय."

त्यानंतर आप्पा कुशीवर झोपू लागले. त्यातही भिंतीकडं तोंड करून, म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यांना पदर दिसावा. शेजारच्या खाटेवरचे सदलग्याचे एक म्हातारे शेतकरी रोज विचारायचे, "आप्पा, मलाबी एक असला मिळंल काय?" आप्पा म्हणायचे, "बरा झालो की इणतो." समोरच्या खाटेवरच्यालाही त्यांनी कबूल केला, सिस्टरनाही केला. आयुष्यात एकाच वेळी त्यांच्याकडं इतकी मागणी कधी आली नव्हती. रंगाबद्दल मी गप्प राहिलो.

एका दुपारी ते गेले. सिस्टरनी नंतर गाऊनची घडी माझ्यापुढं धरली. "हा तुमचा ना?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचा."

दिवसकार्य उरकलं, लोक येऊन गेले, घर शांत झालं. मी पुन्हा वाचू लागलो, पण एक पान वाचायला फार वेळ लागायचा. तो गाऊन कुणाच्या अंगावर असेल हे काही डोक्यातून जाईना. सदलग्याच्या आजोबांना मिळाला असेल का, त्यांनी पदर नीट खोचला असेल का. शेवटी एक दिवस ब्लडप्रेशर तपासायचं निमित्त करून मी त्या वॉर्डात गेलो.

सदलग्याचे आजोबा नव्हते. गाऊनही कुठं दिसला नाही. पण दारातच माझे पाय थांबले. वॉर्डातल्या झाडून सगळ्या चादरी हिरवट होत्या. उशांचे अभ्रे हिरवट. खिडकीचा पडदासुद्धा. भाताचं रोप उगवताना असतं तेवढाच, फिका रंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एक नवीन सिस्टर औषधं देत होत्या. मी विचारलं, "या चादरी अशा कशा?"

"कुणाचं तरी हिरवं गेलं धुलाईत," त्या वैतागून म्हणाल्या. "चार वेळा उकळलं. जाईना आता."

मी जवळच्या रिकाम्या खाटेवर बसलो आणि चादरीचं टोक हातात घेतलं. किती वेळ बसलो ठाऊक नाही. सिस्टर औषधं संपवून परत आल्या तरी मी तिथंच होतो.

"काका, तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही."

"मग कशाला आलाय?"

मला खोटं सुचलं नाही. "कापड बघायला," मी म्हणालो.

सिस्टरनी माझ्या हातातलं चादरीचं टोक हळूच सोडवून घेतलं आणि अगदी समजुतीच्या आवाजात सांगितलं, "कापडाची दुकानं बाहेर रस्त्याला. मनाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर."

दुकानात बघण्यासारखं काही नव्हतं. मी वर जाऊन नंबर लावला.